बत्तीस गव्यांचं शेणीदान

माझ्या कामात घोळ होत नाही! हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं जे वाचाल त्याचा दोष तुम्ही माझ्यावर ढकलणार नाही. मी क्रांती कांबळे, मुक्काम मंगळवार पेठ, कोल्हापूर. आमच्या घरात तिखटाच्या डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, आणि तारखेखाली माझी सही असते. आमचे बाबा म्हणतात, "क्रांते, एक दिवस माझ्याबी कपाळावर नंबर टाकशील!"

तर अशी मी, आणि माझं काम गव्यांचं. रानगवा हो! आठशे किलोचा गडी, पायात पांढरे मोजे घातल्यासारखा, रस्त्यात आडवा उभा राहिला की एसटीसुद्धा हॉर्न न वाजवता गुमान थांबते. मी ह्या गव्यांचा डीएनए तपासणाऱ्या प्रकल्पात काम करते. लोकांना वाटतं, डीएनए म्हणजे रक्त काढायचं. गव्याला "जरा हात पुढं करा" म्हणणारा अजून जन्माला यायचाय! आम्ही शेण गोळा करतो. शेण बाहेर येताना आतड्याची बारीक सालपटं त्याला चिकटून येतात. त्यावरून कळतं, हा गवा कोण, नर का मादी, कुणाचा कोण लागतो. गव्याची सगळी कुंडली शेणात असते!

आणि प्रश्नही साधासुधा नव्हता. गारगोटीच्या अलीकडं एक रान, पलीकडं एक रान, आणि मधे उसाची, ओढ्याची, वस्तीची एक पट्टी. अलीकडचे गवे आणि पलीकडचे गवे एकमेकांचे नातलग आहेत का? असतील तर ते अजून त्या पट्टीतून येतात-जातात. नसतील तर दोन्ही कळप आपापल्या रानात अडकलेत, आणि घरातल्या घरात सोयरिकी करून करून पिढ्यान् पिढ्या अशक्त होत जाणार. जूनमध्ये बैठक होती. पट्टीत कायमचं कुंपण घालायचं का नाही, हे त्या बैठकीत ठरणार होतं. आमचा अहवाल पोचला नाही तर कुंपण पक्कं! पुण्याच्या प्रयोगशाळेत आमचा मशीनवरचा नंबर होळीच्या तिसऱ्या दिवशी होता. तो हुकला तर पुढचा नंबर थेट दिवाळीनंतर.

पुण्याच्या डॉ. अनुजा मॅडम ह्या प्रकल्पाच्या प्रमुख. त्यांनी फोनवर दहादा बजावलं होतं, "क्रांती, काडीनं शेणाचा फक्त वरचा थर खरवडायचा. अंगठ्याएवढा. नळीत टाकायचा, झाकण लावायचं, बस्स!"

अंगठ्याएवढा! अहो, कोल्हापूरकराला अंगठ्याएवढं काही देता येतं का? आम्ही पाहुण्याला रस्सा वाढतो तेव्हा वाटी बुडेपर्यंत हात थांबत नाही. मी म्हटलं, नमुना कमी पडला, मॅडमनी परत मागितला, तर मी गव्याला कुठं शोधू? मी शेणाचे अख्खे पो उचलले! एक नाही, दोन नाही, बत्तीस. दहा दिवस रानं तुडवून, गुराख्यांना विचारून विचारून, एकेक ताजा पो पाटीत. कागदाची चिठ्ठी भिजते, फाटते, म्हणून ओल्या शेणावरच बांबूच्या काडीनं नंबर कोरला. १, २, ३... ३२. कुठला नंबर कुठं सापडला ते वहीत. मला स्वतःचंच इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

गारगोटीहून येताना एसटीत चार खोकी होती. कंडक्टर म्हणाला, "ताई, काय हाय ह्यात?"

"संशोधन."

"संशोधनाला वास येतोय की!"

घरी आणून गच्चीवरच्या पत्र्याखाली, सावलीत, वर्तमानपत्रावर ओळीनं मांडले. उन्हानं डीएनए खराब होतो, म्हणून सावली. दहा दिवसांत वाळून खडखडीत! पुण्याहून नळ्यांचं पार्सल यायचं होतं. ते आलं की बसायचं, खरवडायचं, दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं पुणं. काटाकिर्र नियोजन!

बाबांना मात्र मी काही सांगितलं नाही. त्याला कारण होतं. मागच्या वर्षी मी कामाबद्दल त्यांना सांगितलं आणि ते अख्ख्या पेठेत सांगत सुटले, "आमची क्रांती शेणात पीएचडी करत्या!" तेव्हा एक स्थळ येऊ घातलं होतं. ते आमच्या दारापर्यंत आलंच नाही, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावरून परत गेलं. म्हणून ह्या वेळी मी फक्त एवढंच म्हटलं, "बाबा, गच्चीवर जायचं न्हाय. गुपित हाय. होळीपर्यंत थांबा, मग कळंल."

होळीपर्यंत! हा शब्द मी का वापरला, देव जाणे. पार्सल होळीच्या दिवशी येणार होतं म्हणून वापरला, पण बाबांनी तो कुठल्या कुठं नेला ते ऐका.

आमचे बाबा, भाऊसो कांबळे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आमच्या घरात होळीची पूजाबिजा काही नसते. पण कोल्हापुरात होळीला एक चांगली रीत पडलीय: होळी लहान पेटवायची आणि उरलेल्या शेणी स्मशानाला दान द्यायच्या. शेणी म्हणजे तुमच्याकडच्या गोवऱ्या. गल्लोगल्लीची मंडळं टेम्पो भरभरून नेतात. ह्यात बाबा सगळ्यांच्या पुढं! "पूजा तुमची असू दे," ते म्हणतात, "पण शेणी शेवटी सगळ्यांनाच लागणार हायत. त्यात कसली जात आन् कसला धर्म?" एवढं उदात्त बोलतात आणि मग लगेच खालच्या आवाजात विचारतात, "पलीकडच्या गल्लीच्या किती झाल्या रं?"

कारण कोल्हापुरात दानाचीही कुस्ती होते. सगळ्यात जास्त शेणी देणाऱ्या मंडळाला पेठेकडून ढाल. मागच्या वर्षी आमचं मंडळ पलीकडच्या गल्लीकडून अकरा शेणींनी हरलं. अकरा! बाबा दोन दिवस जेवले नाहीत. ह्या वर्षी ते स्वतः मोहिमेचे प्रमुख होते. आई माहेरी गडमुडशिंगीला गेली होती, तीसुद्धा बाबांनी गोड बोलून पाठवलेली. जाताना तिच्या हातात चार रिकामी पोती दिली होती.

होळीच्या दिवशी मी पार्सल आणायला गेले. नळ्या मिळाल्या. अॅक्टिव्हाच्या डिकीत ठेवल्या. गाणं गुणगुणत गल्लीच्या तोंडाशी आले तर मंडळासमोर ही गर्दी! हलगी कडाडत होती आणि माईकवर आमचे बाबा.

"...पाच हजार बारा! पलीकडच्या गल्लीच्या किती? चार हजार नऊशे नव्वद! बावीसनं जिंकलो!"

हलगी! शिट्ट्या! मीसुद्धा गाडीवरूनच टाळ्या वाजवल्या. बाप जिंकला की कुणाला आनंद होणार नाही?

"आन् ही जीत कुणामुळं?" बाबांचा आवाज भरून आला. "आमची पोरगी क्रांती! आजपातूर मी समजत हुतो, हिला बापाच्या कामाचं काय पडलं न्हाय. पर पोरीनं दहा दिस गपचूप, गच्चीवर, स्वतःच्या हातानं थापून बत्तीस शेण्या केल्या! वर हिशोबाला एकेकीवर नंबर टाकून! टाळ्या!"

टाळ्या वाजवणारे माझे हात हवेत तसेच राहिले.

मी जिन्यावरून तीन-तीन पायऱ्या चढत गच्चीवर गेले. पत्र्याखाली वर्तमानपत्रं होती. वर्तमानपत्रांवर बत्तीस गोल डाग होते. बास!

शेजारच्या गच्चीवरून तानामावशी डोकावल्या. ह्यांच्या दोन म्हशी, आणि गल्लीतल्या सगळ्या बातम्या म्हशींच्या आधी ह्यांना कळतात. म्हणाल्या, "मीच सांगितलं गं तुझ्या बाबाला! म्हटलं, पोरगी लाजत्या, बोलायची न्हाय. आकार बघवत न्हवता, शपथ सांगते! शेणी अशी असत्या व्हय? ना बोटं उठल्यात, ना भुसा घातलाय. पर म्हटलं, शिकल्याली पोर, पयल्यांदाच थापत्या, मनानं केल्यात न्हवं!"

"मावशी, त्या मी थापल्या न्हाईत!"

"मग कुणी थापल्या?"

"गव्यानं!"

मावशींनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मलाच ऊन लागलंय.

खाली आले तर बाबा गर्दीतून वाट काढत माझ्याकडंच येत होते. डोळे ओले. गळ्यात मंडळाचा हार. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, मला वाटलं न्हवतं गं."

सांगा, अशा माणसाला काय सांगायचं? शेवटी डोळे घट्ट मिटून एका दमात सगळं ओकले. गवे, डीएनए, पुणं, परवाचा नंबर, जूनची बैठक, कुंपण!

बाबांनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पाच हजार बारातनं बत्तीस गेल्या..."

"चार हजार नऊशे ऐंशी," मी म्हटलं.

"म्हंजी दहानं हरलो."

"व्हय."

त्यांनी एकदा हलगीवाल्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मला खरंच वाईट वाटलं हो. माणसानं वर्षभर ह्या दिवसाची वाट बघितली होती. गळ्यातला हार काढून त्यांनी माझ्या गाडीच्या हँडलला अडकवला आणि म्हणाले, "टेम्पो जाऊन अर्धा तास झाला. बस मागं, मी चालवतो!"

"मीबी येते!" तानामावशी पदर खोचून हजर. "माझ्यामुळं झालंय. आन् शेणातलं तुम्हा बाप-लेकीला काय कळतंय?"

ट्रिपल सीट आम्ही स्मशानात पोचलो. हँडलला हार, मागं मी रडवेली, मधे मावशी पदरानं नाक धरून. दारात ज्ञानूमामा बसलेले. तिथली सगळी व्यवस्था तेच बघतात. आम्हाला बघून लगबगीनं उठले, टोपी काढली आणि हलक्या आवाजात विचारलं, "किती हायत?"

"बत्तीस!" मी हुंदका दिला.

ज्ञानूमामा मटकन खाली बसले. "बत्तीस? एकदम?"

"दहा दिवसांत जमवले हो मी! एकेक स्वतःच्या हातानं उचललाय रानातनं!"

"रानातनं? पोलीस आल्ते का?"

"पोलीस कशाला? वनखात्याची परवानगी हाय की माझ्याकडं!"

"वनखातं आता हेबी बघतंय व्हय?" ज्ञानूमामा घाम पुसत म्हणाले. "बाई, एवढी जागा न्हाय हो आमच्याकडं. आन् नातेवाईक कुठं हायत?"

"तेच तर शोधायचंय! कोण कुणाचा नातेवाईक, तेच तर कळत न्हाय!"

बाबांनी मला बाजूला ढकललं म्हणून बरं, नाहीतर ज्ञानूमामांनी फोन हातात घेतलाच होता. बाबांनी सगळं नीट समजावून सांगितलं. ज्ञानूमामांनी आमच्याकडं बघितलं, हँडलच्या हाराकडं बघितलं आणि म्हणाले, "म्हंजी तुम्ही दिल्यालं दान परत मागाय आलाय? तीस वर्षं हाय मी हितं. हितं दिल्यालं परत मागणारं गिऱ्हाईक आजच बघितलं!"

पण माणूस दिलदार. शेडकडं बोट करून म्हणाले, "त्यो तुमच्या मंडळाचा ढीग. पाच हजार हायत. काढा निवडून!"

ढीग बघून माझं अवसानच गेलं. एवढ्या शेणी, आणि नंबर बघायचा तर प्रत्येक उलटीपालटी करायची! बाबा बाह्या सरसावून वर चढले. मावशींनी मात्र एक शेणी उचलली, वास घेतला, कोपरा मोडून बघितला आणि फेकली. "ही सरकीची पेंड खाणारी. ही उसाचं वाडं. ही आमच्या पारगी म्हशीची हाय, ओळखली मी! क्रांते, बोटं उठल्याली सगळी सोडून दे. हात न लागलेली तेवढी बघ!"

काय सांगू तुम्हाला! अनुजा मॅडमच्या मशीनलाही एवढा वेग नसेल. "चार नंबर! एकोणतीस! ही बघ सव्वीस! ह्या जनावरानं जन्मात पेंड बघितल्याली न्हाय!"

तेवढ्यात पलीकडच्या गल्लीचा टेम्पो आला. वर त्यांचा अध्यक्ष नागसेन, माझ्याच वर्गातला. मागं पंधरा-वीस कार्यकर्ते. आम्हाला ढिगात बघून खाली उतरला. "काय गं, काय चाललंय?"

खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. सांगितलं सगळं. नागसेननं क्षणभर हिशोब केला आणि त्याचा चेहरा उजळला. "किती काढणार म्हणालीस?"

"बत्तीस."

"पोरांनो!" तो ओरडला. "उतरा खाली! विज्ञानाला मदत करायची हाय! बत्तीसच्या बत्तीस निघाल्या पायजेत, एकबी राहाय नको!"

असं निःस्वार्थ सहकार्य मला आयुष्यात कुणी केलं नव्हतं! वीस जण ढिगावर तुटून पडले. एकेक नंबर निघाला की जल्लोष. "बारावी सापडली! गेले की भाऊसोमामा, दहा राहिल्या तुमच्या लीडमधल्या!" बाविसावी निघाली तेव्हा बरोबरी झाली. तेविसावी निघाली आणि नागसेनच्या पोरांनी तिथंच, स्मशानात, शिट्टी मारली. ज्ञानूमामा काठी घेऊन धावले.

तेविसावी काढली होती खुद्द बाबांनी. हातात धरून जरा वेळ बघितली. वर कोरलेला आठाचा आकडा बोटानं साफ केला आणि माझ्या पाटीत ठेवली. "नीट न्हे," म्हणाले. बास, एवढंच.

एकतीस निघाल्या. पाटीत मांडून मी नंबर लावले. पंधरा, सोळा... अठरा!

सतरा नव्हती!

आणि सतरा म्हणजे कोण? बाकीचे एकतीस दोन्ही रानांतले. सतरा हा एकच नमुना मधल्या पट्टीतला, ओढ्याच्या काठी सापडलेला! गवे पट्टीतून जातात ह्याचा तोच तर चालताबोलता पुरावा! तो मिळाला तेव्हा मी ओढ्यात उभी राहून नाचले होते.

"मामा, ह्या ढिगातनं कुणी काय नेलं का?"

ज्ञानूमामांनी डोकं खाजवलं. "मगाशी एक गाडा भरून न्हेला की. तिकडं." त्यांनी पलीकडच्या चौथऱ्याकडं बोट दाखवलं.

तिथं एक अंत्यविधी चालू होता. चिता रचून झाली होती. पंचवीस-तीस माणसं हात जोडून उभी. मी लांबूनच मान उंच करून बघितलं. अगदी वर, गेलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या छातीवर, बोटं न उठलेली एक वाटोळी शेणी होती. तिच्यावर ठळक १७!

"बाबा, मी न्हाय जाणार! हे पाप हाय!"

"मग कुंपण घालू दे," बाबा म्हणाले.

गेले. काय करणार? मडकं खांद्यावर घ्यायच्या तयारीत असलेल्या मुलासमोर जाऊन हात जोडले. धैर्यशील त्याचं नाव, हे मागाहून कळलं. म्हटलं, "दादा, माफ करा. वेळ वाईट हाय, मला कळतंय. पण तुमच्या वडलांच्या छातीवरची ती एक शेणी मला द्याल का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. धैर्यशीलला वाटलं, मी त्यांच्या नात्यातली कुणीतरी, आठवण म्हणून मागतेय. "तुम्ही वडलांच्या कोण?" त्यानं रडवेल्या आवाजात विचारलं.

"कुणी न्हाय. ती शेणी न्हाय, दादा. ते गव्याचं शेण हाय."

"कशाचं?"

"गव्याचं. रानगव्याचं."

मागून धैर्यशीलचे म्हातारे चुलते पुढं आले. रागानं नुसते थरथरत होते. "गव्याचं? आमच्या गणपतरावाच्या छातीवर गवा?"

मला वाटलं, आता मार बसतोय.

"अगं पोरी," चुलते कडाडले, "ह्या माणसाचा गारगोटीच्या बाजूचा ऊस दहा वर्षं गव्यांनी खाल्ला! डबं वाजवलं, फटाकडं लावलं, बुजगावण्याला स्वतःचं धोतर नेसवलं! तेबी गव्यानं पायाखाली तुडवलं! शेत सोडून पोराकडं मंगळवार पेठंत येऊन ऱ्हायला, ते गव्याच्या तरासानं! काल दवाखान्यात जीव जाताना शेवटचा शब्द काय बोलला? 'गवं हाकला!' आन् आता जाताना त्येच्या छातीवर त्येच बसवताय व्हय? काढा! आधी काढा त्ये!"

धैर्यशील हातातलं मडकं दुसऱ्याकडं देऊन धावला. स्वतःच्या हातानं सतरा नंबर उचलला आणि माझ्या पदरात, म्हणजे ओढणीत टाकला. पण चुलत्यांचं समाधान होईना. "आनखी असतील! सगळ्या बघा! एकबी गवा ऱ्हायला न्हाय पायजे!"

मग सगळी भाऊबंदकी कामाला लागली. हलक्या हातानं एकेक शेणी उचलायची, मावशींकडं द्यायची. मावशी हुंगायच्या, "म्हैस. म्हैस. गाय. म्हैस. ठेवा परत." अशी सबंध चिता तपासून झाली. मावशींनी हात वर करून निर्वाळा दिला, "आता एकबी गवा न्हाय! जाऊ द्या सुखानं!" आणि खरं सांगते, त्या सगळ्या दुःखात त्या माणसांच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं. आपल्या माणसाचं शेवटचं काम नीट झालं, असं.

धैर्यशीलनं मला बाजूला बोलावलं. "ताई, ह्याचं करणार काय?"

मी सांगितलं. गव्यांची वाट मोकळी राहिली तर ते त्यांच्या वाटेनं जातील, अडवली तर उसात घुसतील. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "म्हंजी ह्या सतरा नंबरमुळं बाकीच्यांचा ऊस वाचंल?"

"वाचावा म्हणूनच धडपड हाय, दादा."

"मग एक करा. तुमच्या रिपोर्टात आमच्या बाबांचं नाव घाला. त्यांच्या छातीवरनं गेलाय म्हणावं."

मी शब्द दिला. त्याच दिवशी संध्याकाळी बाबा, मावशी आणि मी असे तिघं बसून सगळे नमुने खरवडले. बत्तीस नळ्या, बत्तीस झाकणं, अंगठ्याएवढं शेण. ढाल नागसेनच्या मंडळाला गेली. तो ती घेऊन आमच्या दारासमोरून तीनदा मिरवला, आणि तिसऱ्यांदा बाबांनी त्याला आत बोलावून चहा पाजला.

मे महिन्यात अनुजा मॅडमचा फोन आला. "क्रांती, बसलीयेस का? निकाल आलाय! दोन्ही रानांतले गवे नातलग आहेत! दोन तर सख्खे भाऊ आहेत, एक अलीकडं आणि एक पलीकडं! वाट चालू आहे, अगदी परवापरवापर्यंत चालू होती!"

मी घरात उडी मारली! बाबांनी उडी मारली! तानामावशींनी भिंतीपलीकडून विचारलं, "काय झालं गं?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच त्यांनीही उडी मारली असावी, कारण म्हशी ओरडल्या. जूनच्या बैठकीत कुंपण मोडीत निघालं. अहवालाच्या आभाराच्या पानावर छापलं गेलं: कै. गणपतराव, ज्यांनी सतरा क्रमांकाचा नमुना अखेरच्या क्षणी उपलब्ध करून दिला. नाद खुळा!

फक्त त्याच फोनवर मॅडम शेवटी म्हणाल्या होत्या, "हां, आणि एक. एकतीस नमुने उत्तम. तो सतरा तेवढा आम्ही बाजूला काढलाय."

"का? खराब झाला का? चितेवर होता हो तो, बाकीच्या शेणींचं काही चिकटलं असेल!"

"नाही, नाही. तीन वेळा तपासला, सगळीकडून. चिकटलेलं वगैरे काही नाही. ती म्हैस आहे, क्रांती. साधी, पाळीव. ओढ्यावर पाणी प्यायला आली असेल."

मी हे बाबांना सांगितलं नाही. मावशींना तर नाहीच नाही. धैर्यशीलला अहवालाची प्रत दिली, त्यानं ती वडलांच्या फोटोशेजारी लावली. परवा त्याचा फोन आला.

"ताई, एक विचारायचं हुतं. त्यो सतरा नंबरचा गवा कसा निघाला हो? लई डांबीस हुता का?"

आता खोटं तरी किती बोलायचं? मी म्हटलं, "न्हाय हो दादा. अगदी गरीब जनावर. कधी कुणाच्या उसात तोंड घातलं नसंल."

तो हळहळून म्हणाला, "अरारा! मग ऱ्हायलं असतं की बाबांच्या छातीवर! उगंच उठवलं बिचाऱ्याला."